अंतराळ मोहिमांचा पैसा कुठे गळतो?

श्रोतेहो, नमस्कार. अंतराळ मोहिमांवर सरकारनं किती पैसे घालावेत, यावर वाद पुष्कळ होतात. घातलेला पैसा कामी कसा येतो आणि वाया कसा जातो, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. आज त्याबद्दल बोलू.

जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण घ्या. सुरुवातीचा अंदाज होता सुमारे १ अब्ज डॉलरचा, आणि उड्डाण २००७ च्या सुमारास. प्रत्यक्षात ती २५ डिसेंबर २०२१ रोजी उडाली आणि खर्च १० अब्जांच्या घरात गेला. २०१० मध्ये स्वतंत्र समितीनं चौकशी केली, तेव्हा दोष तंत्रज्ञांच्या कामात निघाला नाही. तो अंदाजपत्रकात आणि व्यवस्थापनात निघाला. अडचणींसाठी हाताशी जी शिल्लक ठेवावी लागते, तीच अपुरी होती. मग आजचं काम पुढच्या वर्षावर ढकललं जातं आणि महाग पडतं, कारण काम थांबलं तरी माणसं आणि चाचणीगृहं पोसावीच लागतात.

किती महाग, ते वेबवरच्याच २०१८ च्या अहवालात दिसतं. झोतयंत्रांच्या, म्हणजे दुर्बिणीला अवकाशात ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, झडपा चुकीच्या द्रावकानं धुतल्या गेल्या. एका चाचणीत तारा चुकीच्या जोडल्या. दुर्बिणीला उन्हापासून वाचवणाऱ्या सूर्यकवचाच्या आवरणाचे स्क्रू नीट बसवले नव्हते, ते उड्डाणासारख्या प्रचंड आवाजात घेतलेल्या ध्वनिचाचणीत सुटून पडले. अशा तीन मानवी चुकांनी सुमारे दीड वर्ष आणि ६० कोटी डॉलर गेले. एक दिवस उशीर म्हणजे साधारण १० लाख डॉलर! म्हणून स्क्रू आवळणाऱ्याचं काम दुसऱ्यानं तपासायचं, या साध्या शिस्तीवर खर्च करताना हात आखडू नये.

दुसरी गळती करारात असते. 'येईल तो खर्च अधिक नफा' अशा करारात उशिराचा भुर्दंड सरकारला बसतो. नासाच्या एसएलएस रॉकेटचं काम याच पद्धतीनं चाललं. त्यावरून अंतराळवीरांना नेणारं ओरायन यान आणि जमिनीवरची यंत्रणा धरून सुरुवातीच्या चार उड्डाणांना प्रत्येकी ४.१ अब्ज डॉलर पडतील, असं नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये सांगितलं. याउलट अंतराळवीरांना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेण्यासाठी २०१४ मध्ये ठरावीक रकमेचे करार झाले: बोईंगला ४.२ अब्ज, स्पेसएक्सला २.६ अब्ज. टप्पा पूर्ण, मगच पैसे. बोईंगचं यान रखडलं, तेव्हा वाढीव खर्चाचा मोठा भार कंपनीनंच सोसला.

पण ठरावीक रक्कम म्हणजे रामबाण उपाय नव्हे. काय बनवायचं ते नेमकं माहीत असेल तिथेच ती चालते. स्थानकापर्यंतची वाट मळलेली होती. वेबसारखी, आधी कुणी बनवलीच नाही अशी दुर्बीण त्या अटीवर मागितली असती, तर कंपन्यांनी एकतर अवाच्या सवा किंमत सांगितली असती, नाहीतर अर्ध्यात हात वर केले असते. तिथे आधी आरसे, कवच, प्रकाश टिपणारे शोधक यांचे नमुने करून चाचण्या घ्याव्यात आणि त्यानंतरच एकूण आकडा जाहीर करावा.

आता मोहिमांतून मिळणाऱ्या माहितीबद्दल. लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची छायाचित्रं घेत आहेत. एका छायाचित्राला ६०० डॉलर मोजावे लागत, तेव्हा सर्वांत चांगल्या वर्षीही २५ हजारांच्या आसपासच खपली. २००८ मध्ये ती फुकट केली आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त उतरवली जाऊ लागली: पिकं, जंगलं, पाणी, हिमनद्या यांच्या अभ्यासासाठी. उपग्रहांवरचा खर्च आधीच झालेला होता. म्हणून कुठल्याही मोहिमेचं अंदाजपत्रक वाचताना माहिती साठवणं, तपासणं आणि लोकांना खुली करणं यासाठी वेगळी रक्कम ठेवली आहे का, ते जरूर बघा.