जुन्या स्पीकरच्या पेटीत काय भरायचं?

नमस्कार मंडळी. जुने स्पीकर जमवणारे लोक भेटले की एक प्रश्न हमखास येतो: वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) काढला, आत पिवळट लोकरीसारखं काहीतरी जीर्ण झालेलं दिसलं, आता त्याच्या जागी काय भरू? आणि प्रश्न विचारेपर्यंत ते जीर्ण भरण बहुतेक वेळा कचऱ्यात गेलेलं असतं. आज माझं सांगणं एकच आहे. ते फेकू नका. निदान वजन केल्याशिवाय तरी नकोच. वूफर किंवा क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) जसा हिशेब करून बसवलेला असतो, तसंच हे भरणही हिशेब करूनच घातलेलं असतं.

पेटीच्या आत मुळात वेगवेगळी कामं करायची असतात. फळ्या थरथरतात, त्यांना आवर घालायचा असतो. समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतात, म्हणजे काही ठरावीक सूर आपटून परत येत आतच घुमत राहतात, ते शोषायचे असतात. आणि पेटी हवाबंद असेल तर आतल्या हवेची स्प्रिंग थोडी मऊ करायची असते. यातलं तुमच्या स्पीकरला नेमकं काय हवं आहे हे कळल्याशिवाय बाजारात जाण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-३ए घ्या. कंपनीचे एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली एआर-१ आणला तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की वूफरचा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा, अगदी सैल टांगायचा आणि त्याला परत खेचायचं काम पेटीत कोंडलेल्या हवेवर सोपवायचं. हवेची स्प्रिंग कापडाच्या किंवा कागदाच्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी सरळ वागते, जितकं दाबाल तितक्याच प्रमाणात विरोध करते. १९६७ चा ३ए याच घराण्यातला. पेटी जेमतेम २५ इंच उंच, १४ इंच रुंद, आणि तरीही खर्ज असा की आजही माणूस थबकून ऐकतो. अशा पेटीत भरण हे स्प्रिंगचाच भाग आहे.

ते कसं, हे जरा सावकाश पाहू. हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा दाबाला जास्त विरोध करते. आत बारीक तंतूंचं जाळं असेल तर ती उष्णता तंतू शोषून घेतात, हवा सैल पडली की परत देतात. तापमान फारसं बदलत नाही, त्यामुळे स्प्रिंग मऊ होते आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. कागदावर हा फायदा ४० टक्क्यांपर्यंत जातो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी उत्तम. इथे मला न्यूटनची आठवण होते. त्याने ध्वनीचा वेग काढताना हवेचं तापमान बदलत नाही असं धरलं, म्हणून उत्तर कमी आलं. लाप्लासने पुढे ती दुरुस्ती केली. पण नीट भरलेल्या पेटीत, खालच्या सुरांना, न्यूटनचं गणित जवळजवळ खरं ठरतं! मोकळ्या हवेत सेकंदाला ३४४ मीटर जाणारा ध्वनी तिथे २९० च्या दिशेने मंदावतो. मला हे फार सुंदर वाटतं.

आता उष्णता घ्यायची तर तंतू बारीक हवेत आणि पुष्कळ हवेत. काचेच्या लोकरीचा तंतू साधारण ५ ते १० मायक्रॉनचा असतो. उशीत भरतात तो पॉलिएस्टर फायबर त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड. म्हणून ३एमध्ये जितकी काचेची लोकर होती तितक्याच वजनाचा उशीचा फायबर भरला तर काम तेवढं होत नाही. नंतरच्या ३एमध्ये अंदाजे २० औंस, म्हणजे ५७० ग्रॅमच्या आसपास काचेची लोकर असायची. सुरुवातीच्या पेट्यांत रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) होतं आणि ते याहून जास्त वजनाचं. म्हणजे माल बदलला की वजन बदलतं, हे खुद्द कंपनीनेच दाखवून ठेवलंय. जुनी लोकर कोरडी आणि फुगीर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हातमोजे आणि मास्क घाला, हलक्या हाताने पिंजा, तीच परत भरा.

आता अगदी उलट स्वभावाचा स्पीकर. बीबीसीने सत्तरच्या दशकात ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत, मावेल असा छोटा मॉनिटर (आवाज तपासायचा स्पीकर) केला, एलएस३/५ए. याची पेटी फक्त १२ मिलिमीटर बर्च प्लायची. पातळ फळी मुद्दाम निवडली होती. बीबीसीचे अभियंते डडली हारवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की जाड फळीचा कंप वरच्या सुरांत जातो, नेमका कानाला बोचतो तिथे. पातळ फळीचा कंप खाली राहतो, आणि तिच्यावर आतून डांबराचे जड पट्टे चिकटवले की तो लवकर विरतो. पट्ट्यांवर मग स्पंजचं अस्तर. यातला केईएफ कंपनीचा बी११० वूफर ३ किलोहर्ट्झपर्यंत गातो, म्हणजे माणसाचा जवळजवळ सगळा आवाज त्याच्याकडेच. आतली उंची २८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पहिला स्थिर तरंग ६०० हर्ट्झच्या थोडा वर. स्पंजाचं काम तिथून पुढे सुरू होतं. कुणी डांबराचे पट्टे जुने दिसतात म्हणून खरवडून काढले आणि पेटी लोकरीने ठासून भरली, तर गायकाचा गळाच बदलतो. लोकर फळीचा कंप थांबवू शकत नाही.

या स्पंजाबद्दल मुंबई-कोकणातल्या मंडळींनी विशेष काळजी घ्यावी. त्या काळचा बराचसा स्पंज पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा. दमट हवेत पाणी त्याचे रेणू तोडत जातं. बोट लावलं की चिकट भुगा हाताला येतो, आणि तोच भुगा वूफरच्या फटीत शिरतो. तो बदलायलाच हवा. नवा घेताना पॉलिइथर जातीचा मागा आणि तोंडाने फुंकून पाहा: हवा आरपार गेली पाहिजे. पॅकिंगच्या बंद छिद्रांच्या फोमने काहीही शोषलं जात नाही.

पिंजलेला कापूस मी टाळतो. पावसाळ्यात ओल धरतो, खाली गोळा होऊन बसतो. मेंढीची लोकर गुणाने उत्तम. १९६५ साली ए. आर. बेली यांनी ट्रान्समिशन लाइनच्या पेटीसाठी (वूफरच्या मागे लांब, दुमडलेला बोगदा असलेली पेटी) लांब केसांची लोकरच सुचवली होती. पण तिला कसर लागते आणि वर्षानुवर्षं ती खचते, म्हणून औषध लावलेली घ्या आणि जाळीने जागच्या जागी धरून ठेवा. मागे किंवा पुढे पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, असलेली पेटी मात्र ठासू नका. भिंतींना अस्तर पुरे, पोर्टचं तोंड मोकळं.

हवाबंद पेटीत किती भरायचं याचा निकाल मात्र मीटरने लावा. अँप आणि स्पीकरच्या मध्ये काहीशे ओहमचा रेझिस्टर जोडा, फोनवरून २० हर्ट्झपासून हळूहळू वर सूर द्या आणि स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज बघा. तो सगळ्यात जास्त जिथे होतो ती पेटीची अनुनाद वारंवारता, म्हणजे कोन आणि आतली हवा मिळून ज्या सुराला सगळ्यात सहज झुलतात तो आकडा. चांगल्या ३एमध्ये ती चाळिशीच्या सुरुवातीला सापडते. थोडं थोडं भरण वाढवत गेलात की हा आकडा खाली येतो. एका टप्प्यानंतर तो थांबतो आणि परत चढू लागतो, कारण आता माल हवेचीच जागा खातोय. तिथून थोडं मागे या. प्रत्येक वाचनाआधी वूफर सगळ्या स्क्रूंनी आवळा, खाली सीलची पुट्टी नीट बसवा आणि कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद आहे. झटकन आला, तर कुठेतरी हवा गळतेय, आणि ती गळती सापडेपर्यंत मीटरवरचा आकडा लिहून घेऊ नका.