डबा घरात, किल्ली दुसऱ्याकडे

श्रोतेहो, नमस्कार.

टीव्हीखाली रेकॉर्डिंगचा सेटटॉप बॉक्स असतो ना, आपण ज्याला साधं डबा म्हणतो, त्याच्याबद्दल आज बोलायचंय. मालिका साडेसातला, आणि आपण तेव्हा दादरच्या पुलावर. म्हणून रेकॉर्डिंग लावायचं, रात्री भांडी आवरली की बघायचं. इथवर छान. पण जाहिराती आपोआप गाळ म्हटलं तर त्याला ते येत नाही. रेकॉर्ड केलेलं डोंबिवलीच्या बहिणीकडे न्यावं, तर तिच्या टीव्हीवर ते लागत नाही. असं का, हे मला कळलं आमच्या काकूंमुळे.

काकू गिरगावात चाळीत राहतात. काका भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एका आषाढीला एका मराठी चॅनलवर त्यांच्या मंडळाचं भजन लागलं. चार मिनिटं. आता भजन चार मिनिटांत गुंडाळणं मला मुळीच पटत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावून तो सुरात आणायलाच त्याहून जास्त वेळ लागतो! भजन दाखवायचं तर सबंध दाखवावं. असो. काकूंनी आदल्या रात्रीच रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं. आषाढीचा पाऊस कोसळत होता, आणि पाऊस जोराचा असला की डिशच्या छत्रीचा सिग्नल जातो. उपग्रहाकडून येणाऱ्या त्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या, पावसाच्या धारा त्या शोषून घेतात. काकू देवापुढे दिवा लावून बसल्या. सिग्नल टिकला. चारही मिनिटं डब्यात आली.

पुढच्या वर्षी काका गेले.

तेव्हापासून दर एकादशीला काकू ती चार मिनिटं लावायच्या. एका जागी काका मान वळवून टाळकऱ्यांकडे बघतात. तिथं काकू चित्र थांबवायच्या, आणि नुसत्या बघत बसायच्या.

आणि एका सकाळी डबा बंद पडला. डिश कंपनीचा मुलगा आला, म्हणाला, "मावशी, नवा देतो, जुना परत न्यावा लागेल." काकूंनी विचारलं, "आतलं रेकॉर्डिंग?" "ते जाणार, मावशी." काकूंनी डबा उचलून मांडीवर घेतला. "हा मी देणार नाही." पोरगा भला होता. नवा जोडून दिला आणि जुन्यासाठी आठ दिवस थांबतो म्हणाला.

मी तो डबा पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नेला. दुकानदारानं झाकण काढलं. आतला कपॅसिटर नावाचा एक छोटा भाग फुगला होता. तो बदलला, झालं! घरी आणून जोडला, लाल दिवा लागला, यादीत भजनही दिसलं. काकूंनी बटण दाबलं, तर पडद्यावर पाटी: हे कार्ड चालू नाही. खातं नव्या डब्यावर गेलं होतं ना! पुन्हा लॅमिंग्टन रोड. त्यानं हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटरला तिच्यात काहीच वाचता येईना. फॉरमॅट करू का, म्हणजे सगळं पुसून टाकू का, असं विचारायला लागला. दुकानदारानं झटकन वायर काढली. म्हणाला, "ताई, माल आत आहे, पण कुलूप लावलेलं आहे. किल्ली कंपनीकडे."

श्रोतेहो, हे वाक्य लक्षात ठेवा. डबा आपल्या घरात, किल्ली दुसऱ्याकडे.

कारखाना हा डबा तुम्हाला-मला विकत नाही. तो एकगठ्ठा कंपनीला विकतो, म्हणजे त्याचं गिऱ्हाईक कंपनी. कंपनीला चॅनल हवेत, आणि चॅनलची चूल जाहिरातींवर पेटते. आपल्याकडे नियमानं तासाला १२ मिनिटं जाहिरातींची. ती १२ मिनिटं गाळणारा डबा कुठल्या चॅनलला चालेल? अमेरिकेत रिप्लेटीव्ही नावाच्या यंत्रानं हे धाडस केलं होतं. २००१ मध्ये मोठमोठ्या वाहिन्या आणि स्टुडिओ कोर्टात गेले, आणि खटला चालू असतानाच, २००३ मध्ये, त्या कंपनीचं दिवाळं निघालं. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्येच सांगितलं होतं की नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं बेकायदा नाही. तरीही ही गत.

तेव्हा यंत्राला जमत नाही असं नाही. यंत्राला सगळं जमतं. किल्ली दुसऱ्याकडे आहे.

व्हीसीआरच्या काळात असं नव्हतं. तीन तासांची कॅसेट कुणाच्याही व्हीसीआरमध्ये चालायची, शेजारी मागून न्यायचे. मुंबईत २०१२ च्या ३१ ऑक्टोबरला जुनं केबल बंद होऊन घरोघर डबे आले. चित्र स्वच्छ झालं खरं, पण कुलूपही आलं. ट्रायनं, म्हणजे टीव्ही-मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२० मध्ये शिफारस केली की एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीकडेही चालावा. मोबाइलचा नंबर आपण नेतोच की तसा! मला ही शिफारस फार मोलाची वाटते.

तर काकू. चार दिवस कॉल सेंटरला फोन. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. पाचव्या दिवशी एका मुलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वरच्या साहेबांना विचारून तिनं जुना डबा एका संध्याकाळपुरता चालू करून दिला.

त्या संध्याकाळी आम्ही पंखा बंद केला. पोळ्यांच्या डब्याला टेकवून मोबाइल टीव्हीसमोर उभा केला. गॅलरीतली पोरं चिडीचूप. भजन सुरू झालं. काका मान वळवणार, एवढ्यात शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.

मी म्हटलं, "काकू, परत घेऊ या."

"नको गं," काकू म्हणाल्या, "ह्यांचा रियाझ चालायचा तेव्हाही ती शिट्टी व्हायचीच."

ती चार मिनिटं आता काकूंच्या फोनमध्ये आहेत, आणि माझ्याही. तुमच्या घरचं कुणी टीव्हीवर येणार असेल, तर त्याच दिवशी फोनवर टिपून ठेवा. डब्यात ठेवू नका.

नमस्कार.