केदार हिवाळ्यात कुठे असतो?

मंडळी, सोलापुरात केदारनाथाचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले. घोडं मिळतं का, आणि हेलिकॉप्टरचं तिकीट कसं काढायचं? गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरची चढण, वर ३,५८३ मीटर उंची. साठी ओलांडलेला माणूस हे विचारणारच. पण हिवाळ्यात देव स्वतःच खाली उतरतो, हे आपल्याकडे कुणी फारसं ध्यानात घेत नाही. मी आज त्या खालच्या गावाबद्दल बोलणार आहे, उखीमठबद्दल.

भाऊबीजेला केदारनाथाची दारं बंद होतात. मग पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसते आणि रामपूर, गुप्तकाशी असे मुक्काम करत उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. उन्हाळ्यात दारं पुन्हा उघडेपर्यंत केदाराची पूजा तिथंच. पंचकेदारांपैकी मदमहेश्वरही हिवाळ्यात तिथंच असतो. गाव साधारण तेराशे मीटरवर, मंदाकिनीच्या पलीकडे समोर गुप्तकाशी. बाणासुराची मुलगी उषा, तिच्यावरून गावाचं नाव पडलं असं तिथले लोक सांगतात.

आता आपल्या घरचा धागा. केदारनाथाचे रावळ, म्हणजे मुख्य आचार्य, हे परंपरेनं दक्षिणेकडच्या वीरशैव जंगमांपैकी, म्हणजे लिंगायत गुरुवर्गापैकी असतात, मुख्यतः कर्नाटकातले. रावळ स्वतः पूजा करत नाहीत. त्यांच्या आज्ञेनं पुजारी करतात, आणि तेही वीरशैवच. वीरशैवांच्या पंचपीठांपैकी, म्हणजे पाच मुख्य धर्मपीठांपैकी, केदारपीठ उखीमठलाच आहे. श्रीशैलचं पीठ आपल्याला ठाऊक असतं, कारण आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर तिथल्या मल्लिकार्जुनाच्या ओढीनं श्रीशैलला गेले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या सोलापुरात त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापली, गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलताना ज्या गावाचे खांदे भरून येतात, त्या गावाला हिमालयातलं हे पीठ परकं का वाटावं? मला तर हे जरा खटकतंच. आपण चारधामाच्या बसमध्ये बसतो, उखीमठचा फाटा मागं टाकतो आणि पुढं रांगेत उभे राहतो.

जायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. ऋषिकेशहून देवप्रयाग, श्रीनगर (काश्मीरचं नव्हे, गढवालचं), रुद्रप्रयाग. तिथं अलकनंदेचा हात सोडून मंदाकिनीकाठानं अगस्त्यमुनी, मग कुंड. कुंडला रस्ता फुटतो. गुप्तकाशीचा सोडून उखीमठचा धरायचा. एकूण साधारण १८० किलोमीटर, पण हे घाटातले किलोमीटर आहेत, अक्कलकोट रस्त्यावरचे नव्हेत. पहाटे निघा, अंधार पडायच्या आत पोचा. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा नकोच. २०१३च्या जूनमधल्या महापुरात या खोऱ्यानं काय भोगलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच आहे. आणि थंडीसाठी सोलापुरी चादरीवर विसंबू नका. मी आपल्या चादरीचा अभिमानी आहे, पण तिथं रजईच लागते.

महाशिवरात्रीला गेलात तर आणखी एक गोष्ट पाहायला मिळेल. पंचांग पाहून केदारनाथाची दारं कधी उघडायची, ते त्या दिवशी ओंकारेश्वरातच जाहीर होतं. मग तारीख ऐकून सगळा देश हेलिकॉप्टरच्या मागं लागतो. तुमचं दर्शन मात्र तोवर झालेलं असेल.

आता विचारा प्रश्न. घोड्याचा सोडून कुठलाही चालेल.