पिशवीतल्या चार फायली

ही पिशवी बघा. साडीच्या दुकानातली कापडी पिशवी, आत चार फायली. शुगरची वेगळी, बीपीची वेगळी, किडनीची वेगळी, आणि सगळ्यात नवीन हार्टची. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातले आप्पा ही पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं जळगावला निघालेत, वय ७२, बाहेर एप्रिलचं ऊन. काय होतं आप्पा विचारलं तर अहिराणीत सांगतात, "छाती धडधड करस, मंग थांबी जास." बस्स, एवढंच.

ईसीजीवर याला म्हणतात एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टर लोक नुसतं एएफ म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आवळायचे सोडून थरथरत राहतात, नाडीचा ताल जातो, आणि डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो तिथं रक्त साचून गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा. लकव्याचा धोका साधारण पाचपट वाढतो, म्हणून घरात सगळ्यांना भीती लकव्याचीच, आणि ती खोटी नाहीच.

पण २०१६ साली ७१ हजारांवर एएफ पेशंटच्या ट्रायल्स एकत्र करून बघितल्या, सगळे रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर होते, त्यात जे गेले त्यातले गुठळीच्या लकव्यानं गेलेले सहा टक्क्यांच्याही आत, आणि हार्टनं गेलेले ४६ टक्के. हार्ट फेल झालं, नाहीतर अचानक बंद पडलं. म्हणजे गोळीनं लकवा बराच अडवला, पण पिशवीतल्या बाकीच्या फायली तशाच उघड्या राहिल्या.

एएफ एकटं साधं आहे असंही समजू नका. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या हार्टचा हिशोब ठेवतायत, तिथं बाकीचे आजार वजा करूनही एएफवाल्यांना मरणाचा धोका दीडपट ते जवळपास दुप्पट निघाला. पण एएफ एकटं येतं कुठं! बीपीनं हृदयाची भिंत जाड अन् कडक होते, वरचा कप्पा ताणत जातो, त्यातून एएफ. एएफनं पंपिंग कमी पडतं, पायावर सूज, पायरी चढली की दम, आणि हार्ट कमजोर झालं की कप्पा अजून ताणतो. तेलाच्या घाण्यासारखं गोल गोल. त्यात बिडीनं फुप्फुस गेलेलं असेल तर मग विचारूच नका.

लकव्याचा धोका मोजायला डॉक्टरांकडं २०१० पासून एक मार्कांचा तक्ता आहे. आप्पांचे वयाचा १, बीपीचा १, शुगरचा १, झाले ३, गोळी लागू. किडनीला त्यात मार्कच नाहीत! आणि खरी अडचण तिथंच, कारण किडनी मंद पडली की रक्त गोठायची भीती वाढते आणि वाहायचीही, गोळीचा डोस बदलावा लागतो, आणि किडनी फारच खराब असेल तर पोटॅशियम वाढून ताल अजून बिघडतो. केळीच्या जिल्ह्यातल्या माणसाला केळं कमी खा म्हणून सांगायचं, ते पण गुडघेदुखीची गोळी मेडिकलवरून मनानं घेऊ नका याच्यासोबत! आप्पांच्या खिशात ती पट्टी सापडलीच.

२०२४ च्या युरोपियन गाईडलाईनमध्ये तर आता एएफच्या उपचाराच्या पायऱ्या CARE या शब्दात बसवल्यात, त्यात सोबतचे आजार (कोमॉर्बिडिटी) सांभाळणं हे पहिल्याच अक्षराला, C ला, ठेवलंय, गोळी त्याच्यानंतर.

जळगावच्या ओपीडीत डॉक्टरांनी चारही फायली टेबलावर एकाशेजारी एक मांडल्या, बहुतेक पहिल्यांदाच कोणीतरी. मग आप्पांकडं न बघता आजींना विचारलं, रात्री घोरतात का, मध्येच श्वास थांबतो का? आजी पदर तोंडाला लावून हसल्या, म्हणाल्या, उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, गच्चीवर झोपतो ना, शेजारचे खाट उचलून दुसऱ्या टोकाला नेतात. डॉक्टर हसले नाहीत. झोपेत श्वास अडकणं हेही एएफचंच सोबती, त्यांनी हार्टच्या फायलीत मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं.