वीस मिनिटांचा हिशेब आणि थांबलेले जिवाणू

मित्रांनो, आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूचे दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी कधीतरी वाचलेलं असेल. तो हिशेब पुढे नेऊ. आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे एका पेशीच्या १,६७,७७,२१६ पेशी. दोन दिवस हेच चालू राहिलं, तर त्या ढिगाचं वजन पृथ्वीच्या हजारो पट भरेल. गणितात कुठेही चूक नाही. तरी असं कधी घडत नाही, आणि ते का घडत नाही हेच आज मला सांगायचं आहे.

वीस मिनिटं हा आकडा प्रयोगशाळेतला आहे: ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि सगळं तयार मिळणारं सकस माध्यम, म्हणजे जिवाणू वाढवण्याचं खाद्य. नुसतं ग्लुकोज आणि क्षार दिले, तर त्याच पेशीला तासभर लागतो. शिवाय नव्या माध्यमात सोडल्यावर संख्या काही काळ हलतच नाही. या लॅग फेजमध्ये काही घडत नाही असं समजू नका. पेशी त्या वेळात लागणारी विकरं (एन्झाइम) आणि प्रथिनं बनवणारे रायबोसोम तयार करत असते. मग दुपटीचा लॉग फेज येतो, आणि अन्न संपलं, आम्लं साचली की वाढ थांबते. पुढे पेशी मरू लागतात.

वाढीच्या या टप्प्यांच्या आलेखाकडे सर्वांत बारकाईने पाहिलं ते फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी, १९४०च्या सुमारास, पॅरिसमध्ये. त्यांनी जिवाणूंना एकाच वेळी दोन साखरा दिल्या. आलेख चढला, मध्येच सपाट झाला आणि पुन्हा चढला. ग्लुकोज आणि लॅक्टोज दिलं, तर जिवाणू आधी ग्लुकोज संपवतात. त्यानंतरच्या सपाट टप्प्यात लॅक्टोज फोडणारी विकरं बनतात. जनुकं गरजेप्रमाणे चालू-बंद होतात, हे समजण्याची वाट त्या सपाट तुकड्यातून निघाली. याच कामासाठी मोनो आणि त्यांचे सहकारी जाकोब व ल्वॉफ यांना १९६५ साली नोबेल मिळालं. मला तर चढत्या रेषेपेक्षा तो सपाट तुकडाच जास्त मोलाचा वाटतो.

आणि हा विषय पुस्तकापुरता नाही. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, म्हणून थुंकीचं कल्चर, म्हणजे थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून केलेली तपासणी, यायला कित्येक आठवडे जातात. रुग्णाचे नातेवाईक विचारतात, ‘रिपोर्टला एवढा उशीर का?’ त्यांना हे कारण शांतपणे समजावून सांगायलाच हवं. औषधं सहा महिने घ्यावी लागतात, त्याचं कारणही बरंचसं इथेच आहे. आयसोनियाझिड हे क्षयावरचं औषध मुख्यतः विभाजन करणाऱ्या जंतूंना मारतं. खोकला थांबतो, वजन वाढतं, रुग्णाला बरं वाटतं. पण जवळजवळ न वाढता पडून राहिलेले थोडे जंतू मागे उरलेले असतात. त्यांच्यासाठी रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधं लागतात.