घरीच बरा होईल का पेशंट? क्षयरोगाचे दोन प्रश्न, जे कुठल्याच कंपनीने विचारले नसते

नमस्कार मंडळी.

माझ्या आजीच्या फडताळात एक पितळी पेला असायचा. त्याला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. पेला तिच्या धाकट्या दिराचा. त्यांना तरुणपणी क्षय झाला होता. वर्षभर औषधं घेऊन ते खडखडीत बरे झाले, लग्न झालं, नातवंडं झाली. पेला मात्र वेगळा तो वेगळाच राहिला. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असं एखादं ताट, एखादी वाटी असेल.

त्या पेल्याचं काय करायचं, हे १९६० च्या सुमारासच कळलेलं होतं. सरकारी पैशातून झालेल्या एका संशोधनाने ते सांगितलं होतं. ती हकीकत मला आज नीट सांगायची आहे.

(स्क्रीनवर: मद्रास, १९५६)

त्याआधीचा काळ डोळ्यांसमोर आणा. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परत आल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. क्षयानेच. वय २१. तेव्हा जगात कुणाकडेच औषध नव्हतं. होता तो हवापालट, आराम आणि चांगलंचुंगलं खाणं. म्हणून सॅनेटोरियम निघाली: आपल्याकडे पाचगणीचं बेल-एअर, मिरजेजवळचं वानलेसवाडीचं. पुढे औषधं आली, तरी समजूत कायम राहिली. क्षयाचा माणूस महिनोन् महिने खाटेवर पडून हवा, घरापासून लांब हवा.

आता भारतात रुग्ण लाखोंनी आणि सॅनेटोरियमच्या खाटा काही हजार. मग उरलेल्यांनी करायचं काय? म्हणून मद्रासमध्ये, चेटपट भागात, एक केंद्र उभं राहिलं. पैसा आणि माणसं चार ठिकाणची: आपली आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल. चौघांचाही पैसा सार्वजनिक.

या ब्रिटिश संस्थेचा जन्मच क्षयरोगातून झालाय. १९११ च्या तिथल्या विमा कायद्यात प्रत्येक विमेदार कामगारामागे वर्षाला एक पेनी संशोधनासाठी बाजूला काढायची तरतूद होती, आणि ती डोळ्यांसमोर क्षय ठेवून केलेली. कामगाराची एक पेनी! त्याच संस्थेने १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनची ती प्रसिद्ध चाचणी छापली. औषध थोडं, रुग्ण पुष्कळ, तेव्हा कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. नुसत्या आरामावर ठेवलेल्या ५२ पैकी १४.

मद्रासमध्ये हीच पद्धत वापरली. वॉलेस फॉक्स नावाच्या डॉक्टरांकडे नेतृत्व होतं. १९३ रुग्ण घेतले, सगळे गरीब, दाटीवाटीच्या घरांत राहणारे. पुन्हा चिठ्ठ्या. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी. दोघांनाही औषधं तीच: आयसोनियाझिड आणि पीएएस, एक वर्ष.

आयसोनियाझिडचं एक सांगतो. हे रसायन १९१२ मध्येच प्रागमध्ये तयार झालं होतं, क्षयावर चालतं हे चाळीस वर्षांनी कळलं. तोवर पेटंटचा प्रश्नच उरला नव्हता. म्हणून ते स्वस्त मिळालं. ते महाग असतं तर मद्रासच्या प्रयोगाला काही अर्थच राहिला नसता, कारण घरी घेणार कोण?

तर घरचे रुग्ण. गोळ्या घरी दिल्या म्हणजे घेतल्याच असं नाही. मग न सांगता घरी जाऊन गोळ्या मोजायच्या, लघवी तपासून औषध पोटात गेलंय का ते बघायचं. कुणी गाव सोडून गेलं, कुणी कंटाळलं, त्यांच्यामागे जायचं. निष्कर्ष दोन ओळींत छापला जातो, पण त्यामागे ही उन्हातली पायपीट असते आणि तिचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

वर्षाने निकाल आला. सॅनेटोरियमातल्या ९२ टक्के रुग्णांचा आजार शमला होता. घरी राहिलेल्यांपैकी ८६ टक्क्यांचा. घरचे लोक कामावर जात होते, आराम कमी, जेवण सॅनेटोरियमपेक्षा कितीतरी हलकं, तरीसुद्धा!

आणि आता पेला. त्यांनी घरातल्या बाकीच्या माणसांवरही लक्ष ठेवलं होतं. रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण झाली का? नाही. घरच्यांना मुख्य धोका होता तो निदानाच्या आधीच्या काळात, रुग्ण नुसताच खोकत होता आणि कुणाला काही माहीत नव्हतं तेव्हा. क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. आजीचे दीर औषध घेत होते आणि आम्ही त्यांचा पेला सांभाळत बसलो होतो. ते चारचौघांत पाणी पिताना दरवेळी स्वतःच उठून तो पेला आणायचे. हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

१९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, तो घरी राहून उपचार याच पायावर. हळूहळू जगाने हाच रस्ता धरला.

पण माझ्या मते इथेच आपण एक चूक केली. प्रयोगाने सांगितलं होतं की औषध नीट घेतलं तर कमी जेवणावरही जंतू मरतात. आपण त्यातून ऐकलं की जेवणाचं काही एवढं नाही. मुळात क्षय कुणाला होतो आणि त्यातून मरतं कोण, हे त्या प्रयोगाने विचारलंच नव्हतं. तरी पुढची कित्येक दशकं गोळ्यांची चोख मोजदाद झाली आणि ताटात काय आहे ते जवळजवळ कुणी विचारलं नाही.

(स्क्रीनवर: झारखंड, २०१९)

तो प्रश्न डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी लावून धरला. या दोघांनी आधी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला काम केलं होतं, तिथे येणाऱ्या रुग्णांची वजनं त्यांनी बघितली होती. आयसीएमआरच्या पैशातून, आणि चेटपटच्या त्याच केंद्राला सोबत घेऊन, झारखंडच्या चार जिल्ह्यांत अभ्यास उभा राहिला. त्या केंद्राला आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणतात. अभ्यासाचं नाव ‘रेशन्स’. नाव अगदी समर्पक आहे, कारण दिलं ते रेशनच.

२,८०० रुग्ण. पाचातले चार जण कमी वजनाचे. प्रत्येक रुग्णाला महिन्याला दहा किलोचा शिधा: तांदूळ, सत्तू, दूध पावडर, तेल. मग त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. त्यांचे दोन गट केले. एका गटात माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, जोडीला जीवनसत्त्वांची गोळी. दुसऱ्या गटातल्या घरांत फक्त रुग्णाचा शिधा. मध्ये कोविड आला, टाळेबंदी आली, तरी काम चालू राहिलं.

२०२३ मध्ये निकाल छापून आला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. फुप्फुसाचा, म्हणजे खोकल्यातून पसरणारा क्षय, ४८ टक्क्यांनी कमी. भात आणि डाळीने! साधारण ३० घरांना शिधा दिला की एक माणूस क्षयापासून वाचतो, असा हिशोब निघाला. रुग्णांचं बघाल तर पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला.

आता सांगा, तांदूळ-डाळीची चाचणी कुठली औषध कंपनी करेल? डाळीचं पेटंट कुणाकडे नाही. सॅनेटोरियमची गरज नाही हे सिद्ध करण्यातही कुणाचा नफा नव्हता. कंपन्या नवी औषधं शोधतात आणि ती आपल्याला हवीच आहेत. पण हे दोन प्रश्न विचारायला कराचा पैसाच लागला. काडेपेटीवर कर भरणाऱ्याचाही त्यात वाटा आहे. म्हणून आरोग्य संशोधनावरचा खर्च कमी करा असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

आता तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाचे उपचार चालू असतील तर कामाचं ऐका. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात पैसे जमा होतात. २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० आहेत. नोंद झाली आहे का, खातं जोडलंय का, हे आरोग्य केंद्रात विचारा. उपचार सुरू होतील त्या दिवशी वजन करून कार्डावर लिहून घ्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा करा. ४२ किलोच्या माणसाचं दोन किलो तरी वाढलेलं दिसलं पाहिजे. वाढलं नसेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

आणि घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून घ्या. भांडी एकत्रच घासली तरी चालतील.