ज्योत्स्ना भोळे : तीन मिनिटांचं गाणं, तीन तासांचं नाटक

(दृश्य : पुणे, टिळक रस्ता, हिराबाग. सभागृहाची पाटी, तालमीला येणारी तरुण मंडळी.)

'आज ज्योत्स्ना भोळेला प्रयोग आहे' हे वाक्य पुण्यातल्या नाटकवाल्यांच्या तोंडी सतत असतं. ज्यांचं नाव या सभागृहाला दिलं, त्या ज्योत्स्नाबाई भावगीताच्या पहिल्या पिढीतल्या लोकप्रिय गायिका आणि संगीत नाटकातल्या नायिका. या दोन्ही गोष्टी एकाच गळ्यात कशा बसल्या, ते समजायचं असेल तर त्या काळातलं नाटकातलं गाणं किती लांब होतं, इथून सुरुवात करावी लागेल.

(दृश्य : जुन्या नाटकगृहाचं छायाचित्र, रंगमंचापुढे ऑर्गन, सारंगी, तबला.)

किर्लोस्करांच्या १८८२ च्या 'संगीत सौभद्र'मध्ये शंभराहून अधिक पदं आहेत. पुढे बालगंधर्वांच्या काळात पदांची संख्या कमी झाली, पण प्रत्येक पद फुलवून गायचं आणि 'वन्स मोअर' आला की पुन्हा गायचं, हा रिवाज पक्का झाला. हिशेब साधा आहे. पाच मिनिटांचं पद तीनदा झालं की पंधरा मिनिटं जातात, आणि अशी दहा पदं म्हणजे अडीच तास. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालायचा तो त्यामुळे. गाण्यातला आनंद खरा होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या पात्रावर नुकतंच संकट कोसळलंय, ते त्याच ओळीवर तिसऱ्यांदा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतं तेव्हा प्रसंग हातातून निसटलेला असतो.

त्यात १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. मराठी चित्रपट बोलू लागला, गाऊ लागला. गोष्ट आणि गाणी दोन्ही मोजक्या वेळात आणि स्वस्त तिकिटात मिळू लागल्यावर मोठमोठ्या संगीत मंडळ्यांना उतार लागला.

(दृश्य : गोव्याचा निसर्ग, मग मुंबई.)

दुर्गा केळेकर हे ज्योत्स्नाबाईंचं माहेरचं नाव. जन्म ११ मे १९१४, गोव्यातल्या बांदिवड्याचा. थोरली बहीण गिरिजाबाई केळेकर याही गायिका. मुंबईत दुर्गा गाणं शिकली आणि संगीतकार केशवराव भोळे यांच्याशी लग्न होऊन ज्योत्स्ना भोळे झाली. केशवराव गाण्यातल्या शब्दांबद्दल काटेकोर होते. गायकीवर त्यांनी विपुल समीक्षा लिहिली आहे, आणि ती आजही गाणाऱ्याने वाचावी अशी आहे.

१ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणलं. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिलं होतं. संगीत केशवरावांचं, आणि बिंबाच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई. स्त्रीची भूमिका स्त्रीने करणं तोवर घडून गेलं होतं. हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भावंडांनी ते करून दाखवलं होतं. इथे नवं होतं ते गाण्याचं माप. शहरी घरातला प्रसंग, घरगुती बोलणं आणि मोजकीच गाणी. 'एकलेपणाची आग लागली हृदया' हे त्यातलं. ते ऐकताना लक्षात येतं की पाठ केलेल्या तानांना इथे जागाच ठेवलेली नाही.

(दृश्य : ७८ फेऱ्यांची तबकडी फिरते आहे.)

हे माप आलं कुठून? एक वाट या तबकडीतून आली. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्या घेते आणि एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं पुरते. तेवढ्यात सुरुवातीचं वाद्य, मुखडा आणि दोन-तीन अंतरे बसवायचे. आलापाला अर्धं मिनिट दिलं तर एक अंतरा कापावा लागतो.

दुसरी गोष्ट मायक्रोफोनची. आधीच्या ध्वनिमुद्रणात गायकाला कर्ण्यात तोंड घालून जोराने गावं लागे, कारण हळू आवाजाने सुई हलायचीच नाही. १९२५ नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि गुणगुणल्यासारखं गायलेलंही तबकडीवर उमटू लागलं. भावगीत ज्या हळुवार उच्चारावर उभं आहे, तो उच्चार यामुळे टिपता आला. अनंत काणेकरांचं 'आला खुशीत समिंदर' किंवा राजा बढे यांचं, पु. ल. देशपांड्यांनी चाल दिलेलं 'माझिया माहेरा जा' ऐका. 'जा' हे एकच अक्षर ओळीच्या शेवटी येतं. त्यावर हरकत, म्हणजे स्वरांचं छोटंसं वळण, घेणं कोणालाही जमेल. त्यात विनवणी ठेवणं अवघड, आणि ज्योत्स्नाबाईंनी ती ठेवली आहे.

(दृश्य : विधी महाविद्यालय रस्ता, प्रभातच्या स्टुडिओचं आवार.)

१९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली. केशवराव तिथे संगीतकार झाले आणि भोळे कुटुंब पुण्याचं झालं. 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'संत ज्ञानेश्वर' हे त्यांचे चित्रपट. १९३७ च्या 'कुंकू'त त्यांनी पार्श्वसंगीत वगळलं आणि प्रसंगात जे आवाज खरोखर असतील तेवढेच ठेवले. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव हेही प्रभातचेच संगीतकार. गंधर्व मंडळींच्या मैफली रंगाची पदं त्यांच्या अंगात मुरलेली होती, आणि प्रभातमध्ये त्यांनी फिल्मच्या फुटांच्या मापात गाणं बसवलं.

१९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या 'नाट्यनिकेतन'ने 'कुलवधू' केलं, त्याला संगीत या मास्टर कृष्णरावांचं. चित्रपटात नाव कमावलेली भानुमती आणि तिचा संसार हा विषय, भानुमती ज्योत्स्नाबाई. 'बोला अमृत बोला', 'क्षण आला भाग्याचा', 'मनरमणा मधुसूदना' ही गाणी घरोघर गेली. मास्तरांनी पदाची भारदस्त घडण राखून त्याची लांबी उतरवली, हे 'कुलवधू'च्या यशाचं मोठं कारण आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : संगीत शिकवणीचा वर्ग, पेटी, तबला, विद्यार्थिनी.)

'बोला अमृत बोला' आज पुण्यातल्या स्पर्धांमधून वारंवार ऐकू येतं, आणि तेच ते दोष ऐकू येतात. पहिला, लय पाडली जाते. चाल भैरवी रागातली, आणि भैरवी म्हटल्यावर मैफलीची अखेर डोक्यात येते आणि गाणं जड होतं. 'बोला अमृत बोला, शुभसमयाला' या ओळीत शुभ समयाचं आमंत्रण आहे, ती चालतीच हवी. दुसरा, भैरवीत बाराही स्वर घ्यायची मोकळीक असते म्हणून प्रत्येक ओळीत सगळे लावून दाखवायचे. तिसरा दोष श्वासाचा. 'शुभ' म्हणून श्वास तोडला आणि मग 'समयाला' घेतलं की अर्थ तुटतो. श्वास 'बोला'नंतर घ्यावा. चौथा, वरची पट्टी. बायकांना साधारण पेटीवरची काळी चार किंवा तिच्या आसपासची पट्टी सोयीची पडते. आवाज लखलखीत वाटावा म्हणून त्याहून चढलं, तर बोलण्यातून गाण्यात शिरताना झटका बसतो.

नाटकात हा झटकाच टाळायचा असतो. त्यासाठी तालमीत आधी गाण्याआधीची चार वाक्यं सुरावर बोलायची, शेवटचा शब्द षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, जवळ उतरवायचा. ऑर्गनवाल्याने त्या शब्दाखालीच सूर धरायचा. वाक्य संपल्यावर सूर दिला तर पात्र सुराची वाट पाहत उभं राहिलेलं दिसतं. मग मुखडा आधी नुसता वाचायचा, नंतर ठेक्यात म्हणायचा आणि शेवटी चालीत. गाणं संपल्यावर पुढचं वाक्य टाळ्या ओसरताच उचलायचं. आणि मायक्रोफोनवर बेतलेला हळुवार आवाज उघड्या नाट्यगृहात तसाच नेला, तर शेवटच्या रांगेला स्वर पोचतात पण व्यंजनं पोचत नाहीत. 'त', 'ट', 'क' थोडे कडक उच्चारावे लागतात, आवाज वाढवून भागत नाही. तबकडीवरचं गाणं आणि नाटकातलं गाणं यांतला हा फरक ज्योत्स्नाबाई जाणून होत्या, म्हणून दोन्हीकडे टिकल्या.

(दृश्य : नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या.)

पुढे मामा वरेरकरांच्या 'भूमिकन्या सीता'त त्यांनी ऊर्मिला केली. 'मानसी राजहंस पोहतो' हे तिचं गाणं, चाल स्नेहल भाटकरांची. पौराणिक कथा असूनही गाणं जुन्या पौराणिक नाटकासारखं पसरत नाही. ५ ऑगस्ट २००१ रोजी पुण्यात ज्योत्स्नाबाईंचं निधन झालं. गाणं शिकणाऱ्यांनी 'बोला अमृत बोला'च्या आधी हे ऊर्मिलेचं पद बसवावं. त्यात तानेचा आधार कमी मिळतो, आणि शब्द कुठे सुटतो ते पहिल्याच तालमीत कळतं.